हजेरीपटावरचे नाव

आमच्या लहानपणी शाळातपासणीचा दिवस म्हणजे एक सणच असे. आठ दिवस आधी भिंतींना चुना लागे, नकाशांवरची धूळ झटकली जाई, फुटकी कौले बदलली जात. आणि जी मुले वर्षभर शाळेकडे फिरकली नव्हती त्यांना घरोघर जाऊन, चुचकारून, प्रसंगी गूळ-शेंगदाण्यांचे आमिष दाखवून वर्गात आणून बसविले जाई. हजेरीपटावर मात्र ती मुले वर्षभर हजरच असत. साहेब येत, चहापोहे होत, शेरेबुकात 'समाधानकारक' असा शेरा पडे आणि दुसऱ्या दिवसापासून चुना तेवढा भिंतीवर उरे. मुले पुन्हा गुरांमागे रानात. पुढे आम्ही स्वतः मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसलो, कितीतरी तपासण्या अंगावर घेतल्या, तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की झाली. गळके छप्पर, मोडका फळा, मागे पडलेला अभ्यासक्रम यांची कबुली देणाऱ्या शाळेला सुधारण्याची वाट असते. जिचा हजेरीपटच खोटे बोलतो तिला ती नसते. कारण त्या हजेरीवर उभारलेला पुढचा प्रत्येक आकडा खोटाच निघतो.

हे जुने पुराण आज सांगण्याचे कारण असे की, डिसेंबर २०२५ मधील एका संध्याकाळी आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला आणि त्याने पिशवीतून जे बाहेर काढले तोही एक हजेरीपटच होता. त्याच्या कारखान्याचे मस्टर.

ज्या वाचकांनी आमचा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे भाग आहे. आमली हा सिल्वासा शहराचाच एक भाग. वापीच्या रेल्वे स्थानकावर उतरून पूर्वेकडे वळले की हा दादरा व नगर हवेलीचा प्रदेश लागतो. अवघा ४९१ चौरस किलोमीटरचा. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या अमलातून मुक्त झाले. त्या लढ्यात महाराष्ट्रातून आलेल्या स्वयंसेवकांत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, हे येथल्या मराठी घरांतून आजही अभिमानाने सांगितले जाते. १९६१ साली हा प्रदेश भारतात विधिवत सामील झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह एकच केंद्रशासित प्रदेश म्हणून नांदतो आहे. भात, नाचणी आणि जंगल यांवर जगणाऱ्या या भूमीत पिपरियाची सहकारी औद्योगिक वसाहत १९६० नंतर उभी राहिली, पुढे मसाट, खडोली येथे वसाहती झाल्या, आणि १९८० नंतरच्या दशकांत करसवलतींमुळे कारखान्यांची रांगच लागली. आज आमलीच्या ६६ केव्हीए रस्त्याने रात्री दहाला चालत गेले तरी दोन्ही अंगांनी यंत्रांची घरघर कानी येते. त्या यंत्रांवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेली माणसे असतात, तशीच आमच्या खानवेल-मांदोणीकडची वारली, कोकणा तरुण मुलेही असतात.

आमच्या या विद्यार्थ्याचा कारखाना असाच एक लहानसा. कृत्रिम धाग्याला पीळ देण्याचे काम तेथे चालते. धागा मोठ्या व्यापाऱ्याचा. यंत्रे, वीज आणि मजुरी याची. किलोमागे ठरलेला दर. मिळकत बेताची, कर्जाचा हप्ता मात्र ठरलेला. "सर," तो म्हणाला, "नवे कामगार कायदे आले. आता सगळ्यांना नियुक्तिपत्र द्यावे लागणार म्हणतात. तुमचे मराठी चांगले, हिंदीही चांगले. तपासणी येण्याआधी एवढी फाइल तयार करून द्या."

आम्ही मस्टर उघडले. नऊ नावे होती. "यंत्रांवर माणसे किती आहेत?" आम्ही विचारले. "चौदा," तो म्हणाला, आणि मग थोड्या ओशाळ्या सुरात, "दहा झाली की कटकटी वाढतात, म्हणून नऊच दाखवतो." जी पाच नावे मस्टरवर नव्हती त्यांत एक आमच्याच दुसऱ्या विद्यार्थ्याचे होते. खानवेलकडच्या एका पाड्यावरचा वारली मुलगा. या कारखानदाराच्याच वर्गातला. आमच्या शाळेच्या जुन्या हजेरीपटात दोघांची नावे एकाच पानावर आहेत. कारखान्यात तो जुलै २०१८ पासून आहे, बिघडलेले यंत्र कानाने ओळखतो, मालक गावी गेला की किल्ल्या त्याच्याकडे असतात. पण मस्टरच्या हिशेबी तो माणूस अस्तित्वातच नव्हता.

आता हे नवे कायदे म्हणजे काय, ते पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार संहिता अमलात आणल्या. वेतन संहिता २०१९ सालची. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि कामाच्या जागेची सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती या तीन २०२० सालच्या. जुने २९ केंद्रीय कायदे या चारांत सामावले गेले. त्यांत किमान वेतनाचा १९४८ सालचा, भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ सालचा, बोनसचा १९६५ सालचा, ठेका कामगारांचा १९७० सालचा आणि ग्रॅच्युइटीचा १९७२ सालचा असे परिचयाचे कायदे आले. कारखानदारांच्या चहाच्या टेबलावर याचे दोन अर्थ निघत होते. काही म्हणत, आता खैर नाही. काही म्हणत, कायदा उलट सैल झाला. कारण विजेवर चालणारा कारखाना ठरण्यासाठी पूर्वी दहा कामगार पुरत, ते आता वीस लागतात. ठेका कामगारांच्या तरतुदी पूर्वी विसांपासून लागू होत, त्या आता पन्नासांपासून होतात. आणि निरीक्षकाला आता 'निरीक्षक तथा सुविधाकर्ता' म्हणावयाचे.

दोन्ही अर्थ अर्धवट आहेत. काही उंबरठे उंचावले हे खरे. पण वेतन संहितेला उंबरठाच नाही. एक माणूस कामाला असला तरी ती लागू होते. किमान वेतन पूर्वी अनुसूचीत नमूद केलेल्या धंद्यांपुरते होते, ते आता सर्वांना आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा. कोणी काम सोडले वा त्याला काढले, तर त्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा. मूळ पगार नाममात्र ठेवून बाकी रक्कम घरभाडे, प्रवास, धुलाई अशा भत्त्यांत वाटण्याची जुनी युक्तीही आता चालत नाही. असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले की वरची रक्कम वेतनातच धरली जाते आणि निधी, ग्रॅच्युइटी यांचा हिशेब तिच्यावर होतो.

तपासणीची रीतही बदलली आहे. कोणत्या ठिकाणची तपासणी व्हावी हे संगणकाने निवडण्याची तरतूद संहितेतच आहे, तेव्हा 'साहेब ओळखीचे आहेत' हा भरवसा धरून बसण्यात अर्थ नाही. चूक सापडली तर खटल्याआधी ती सुधारण्याची एक संधी लेखी सूचना देऊन मिळते, हे सुविधेचे अंग. मात्र तशीच चूक पाच वर्षांच्या आत पुन्हा घडली तर ती संधी नाही. कमी पगार दिल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड. पाच वर्षांत पुन्हा तेच केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदवह्या न ठेवल्याबद्दलचा दंड १०,००० रुपयांपर्यंतचा आहे. आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे कलम दंडाचे नाहीच. ते पुराव्याचे आहे. कामगाराने 'माझा पगार मिळाला नाही, कमी मिळाला' असा दावा केला, तर तो दिला होता हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, आणि असा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो.

हे कलम आम्ही विद्यार्थ्याला दोनदा वाचून दाखविले. ज्याचे नाव तू मस्टरवर घेतले नाहीस, त्याला पगार दिल्याचा पुरावा तू कोठून आणणार? तू त्याला दर महिन्याला हातात रोख पैसे दिलेस, हे आम्हांला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. पण उद्या त्याचे-तुझे बिनसले, किंवा देव न करो, त्याचा हात यंत्रात गेला, तर तुझ्याकडे कागद कोणता? मस्टरमधून वगळलेले नाव मालकाला वाचवीत नाही, त्याला उघडे पाडते. विजेचे बिल, धाग्याच्या आवक-जावकीच्या पावत्या आणि चोवीस तास चालणारी यंत्रे पाहून नऊ माणसांत एवढा माल निघतो का, एवढा हिशेब चौथीतला मुलगाही करील.

म्हणून तयारीची पहिली पायरी फाइल नव्हे. आहेत तितकी माणसे मस्टरवर घेणे ही पहिली पायरी. प्रत्येकाच्या वयाचा पुरावा पाहणेही याच पायरीवर येते. याबाबतीत आम्हांस जरा अधिकाराने बोलता येईल. कारण 'मुलाच्या दाखल्यावर जन्मतारीख दोन वर्षे मागे घ्या, कंपनीत लावायचा आहे' अशी विनवणी घेऊन येणारे पालक आम्ही दरवर्षी परत पाठवितो. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास बंदी आहे, आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलास धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. मालकांनी दाखला मागितला आणि तो नीट पाहिला, तर आमच्या वर्गातले किती तरी बाक भरलेले राहतील.

दुसरी पायरी तासांची. आणि येथे आम्ही त्या संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून येथे गोल केले आहेत. कारखान्यात बारा तासांच्या दोन पाळ्या, प्रत्येकीत सात माणसे. बारा तासांचे ठोक १८,००० रुपये महिना, चौदांचे २,५२,०००. आता कायदा सांगतो की कामाचा दिवस आठ तासांचा. त्यापुढचे काम कामगाराच्या संमतीने आणि दुप्पट दराने. म्हणजे जादा चार तासांचे दाम आठ तासांइतके. बारा तास राबणाऱ्याला सोळा तासांचा पगार देणे लागते. याचा उलटा अर्थ असा की, १८,००० रुपये ठोक देणारा मालक आठ तासांचे फक्त ९,००० देतो आहे. तो आकडा प्रशासनाने लावलेल्या किमान वेतनाच्या तक्त्याशी ताडून पाहा, असे आम्ही म्हणताच विद्यार्थी गप्प झाला. आपण अठरा हजार देतो याचे त्याला मनोमन समाधान होते.

चांगला माणूस टिकवावयाचा तर आठ तासांचे १४,००० तरी द्यावे लागतील, असे त्यानेच ठरविले. मग तीन वाटा निघाल्या. बारा तासांच्या दोनच पाळ्या ठेवून जादा काम दुप्पट दराने द्यायचे, तर चौदा जणांचे ३,९२,००० होतात. शिवाय जादा कामाला तिमाही मर्यादा असते आणि रोज चार तास या गतीने ती केव्हाच ओलांडली जाते, म्हणून ही वाट मुळात बंदच. दुसरी वाट आठ तासांच्या तीन पाळ्यांची. माणसे एकवीस, पगार २,९४,०००. वीस माणसे ओलांडली म्हणून भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा १२ टक्के वाटा, ३५,२८०. कर्मचारी राज्य विम्याचा मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, ९,५५५. एकूण ३,३८,८३५. निधीचा किरकोळ प्रशासकीय आकार निराळा. म्हणजे ज्या निधीच्या भीतीने लोक विसाच्या आत राहतात, तो निधी आणि विमा दोन्ही भरूनही तिसरी पाळी जादा कामापेक्षा ५३,१६५ रुपयांनी स्वस्त पडते. तरी आजच्या खर्चापेक्षा ती ८६,८३५ रुपयांनी महाग आहेच. ते लपविण्यात अर्थ नाही. तिसरी वाट म्हणजे आठ तासांच्या दोनच पाळ्या आणि रात्री यंत्रे बंद. पगार व विमा मिळून २,०२,३७०, पण माल दोन-तृतीयांश.

आणि कामगारांचे काय? अठरा हजार नेणाऱ्याच्या हाती आता चौदा हजार येणार, त्यांतूनही विम्याचे पाऊण टक्का म्हणजे १०५ रुपये कापले जाणार. घरी पैसे पाठविण्यासाठीच जो दोन हजार किलोमीटरवरून आला आहे, त्याला आठ तासांनंतरची फुरसत नको असते, बारा तासांचे पैसे हवे असतात. त्याच्या दृष्टीने तोही चूक नाही. पण आठ तासांचा दिवस काही आज आकाशातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १० जून १८९० रोजी मिळवून दिली. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत होते, आणि कारखान्यांतील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ सालची. त्या माणसांना ठाऊक होते की, जोवर आठ तासांच्या पगारात पोट भरत नाही तोवर आठ तासांचा कायदा कागदावरच राहतो. म्हणूनच तासांची आणि किमान वेतनाची तयारी एकत्रच करावी लागते. एक केली आणि दुसरी टाळली तर कामगारच कायद्यावर रुसतो.

तिसरी पायरी ठेकेदाराची. येथे आम्हांस स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. पूर्वी एका शाळेवर असताना सफाईसाठी एक बाई ठेकेदारामार्फत येत. दर महिन्याला त्यांच्या हजेरीच्या कागदावर आमची सही होई. एकदा त्यांनी अंगठा उमटविलेला एक कागद आणून विचारले, "गुरुजी, यावर किती लिहिले आहेत?" कागदावरचा आकडा त्यांच्या हाती पडणाऱ्या पैशांहून बराच मोठा होता. आम्ही तो वाचला आणि "ठेकेदाराला विचारा" असे सांगून सुटका करून घेतली. एम.ए.पर्यंत शिकलेल्या माणसाने एका निरक्षर बाईला तिच्याच पगाराचा आकडा वाचून दाखविला नाही. पुढच्या वर्षी ठेकेदार बदलला आणि त्या बाईही दिसेनाशा झाल्या. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७०च्या कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. मुकादमाकडून माणसे घेणाऱ्याने 'ते त्याचे काम' म्हणून हात झटकू नयेत; पगार खात्यात जमा झाल्याचा पुरावा दर महिन्याला मागावा आणि अधूनमधून माणसाला स्वतः विचारावे.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. दहा किंवा अधिक माणसे असतील तर राज्य विमा लागू होतो. पूर्वी तो अधिसूचित भागांपुरता होता, ती मर्यादा आता राहिलेली नाही. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला एका वर्षानंतरही सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. इतरांना पाच वर्षांनंतर. चाळिशीवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणी करावयाची आहे. स्त्रियांना रात्रपाळीस घ्यावयाचे तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था दोन्ही हवीत. स्त्रियांच्या लैंगिक छळासंबंधीचा २०१३ सालचा कायदा या संहितांत विलीन झालेला नाही. दहा किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी त्याची अंतर्गत समिती लागतेच. आणि मालकाच्या कर्तव्यात कसूर होऊन कामगाराचा मृत्यू ओढवला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. त्या दंडातील निम्मी तरी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

आपले बहुसंख्य वाचक बडोदे, इंदूर, हैदराबाद येथे नोकरीत आहेत, त्यांना हे कारखान्याचे कवित्व दूरचे वाटेल. पण आपल्यांतच कोणाची खानावळ आहे, कोणाचा छापखाना, कोणाचे औषधांचे दुकान. तीन-चार पोरे हाताखाली असतात, 'घरच्यासारखी'. घरच्यासारखी म्हणूनच त्यांचे नाव कोठे लिहिलेले नसते, सुटी ठरलेली नसते, पगारातली उचल मालकाच्या डायरीत आणि मालकाच्याच लक्षात असते. वेतन संहिता तेथेही लागू आहे. एक साधी नोंदवही, महिन्याची पगारचिठ्ठी आणि बँकेतून दिलेला पगार एवढ्याने बहुतेक तयारी होते.

आता नियुक्तिपत्रांकडे येतो. दहा किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी ती प्रत्येकाला द्यावयाची असून, जुन्या माणसांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत देण्यास कायद्याने सांगितले. मसुदा आम्ही केला. नाव, काम, वेतन, तास, साप्ताहिक सुटी. 'रुजू झाल्याची तारीख' या रकान्याशी येताच विद्यार्थी म्हणाला, "सर, ज्या पाचांची नावे मस्टरवर नव्हती त्यांची १ डिसेंबर २०२५ घाला. मागचे कशाला उकरायचे?"

वरकरणी सूचना निरुपद्रवी वाटते. आम्ही तिचा हिशेब मांडला. जुलै २०१८ पासून सात वर्षे पुरी झाली. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांची, महिना सव्वीस दिवसांचा धरून. १४,००० रुपयांवर सात वर्षांचे ५६,५३८ रुपये होतात. तारीख बदलली की तेवढे पैसे पुसले गेले. आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्या माणसाने तुझ्या किल्ल्या सांभाळल्या त्याची सात वर्षे तू त्याच्याच हातून सही घेऊन पुसलीस.

आमच्या सीमेपलीकडे तलासरी-उंबरगावच्या पट्ट्यात १९४५ सालापर्यंत 'लग्नगडी' होते. लग्नापुरते कर्ज घ्यावे आणि ते फेडण्यासाठी सावकाराच्या शेतावर जन्मभर राबावे. किती फिटले, किती उरले, हा हिशेब सावकाराच्या हाती. २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि ती वेठ मोडू लागली. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकीकत आहे. आमचा विद्यार्थी सावकार नव्हे, सज्जन आहे. पण हिशेबाची वही एकाच्याच हाती असली की सज्जनालाही ती आपल्या सोयीने लिहिण्याचा मोह होतो. त्याने बराच वेळ पेन्सिल फिरविली. मग म्हणाला, "खरीच तारीख घाला, सर. पाचांचीही."

पुढचे सारे गोड झाले असे नाही. जानेवारी २०२६ पासून त्याने आठ तासांच्या दोन पाळ्या सुरू केल्या. बिहारकडचे तिघे दुसरीकडे बारा तासांच्या ठोक पगारावर निघून गेले, त्यांच्या जागी नवी माणसे घ्यावी लागली. धाग्याच्या व्यापाऱ्याकडे त्याने दर वाढवून मागितला, मागितल्याच्या निम्मा मिळाला. तिसऱ्या पाळीचा विचार त्यामुळे तूर्त पुढे ढकलला आहे. रात्री यंत्रे बंद असतात आणि बँकेचा हप्ता भरताना त्याला ते आठवते. मस्टरवर चौदा नावे आहेत आणि माणसे मोजली तर चौदाच भरतात.

आमच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला नियुक्तिपत्र द्यावयाचे होते तेव्हा त्याने आधी सही करण्यास नकार दिला. कागदावर सही म्हणजे कोठेतरी बांधले जाणे, हीच त्याच्या पाड्यावरची समजूत. तेव्हा मालकाने त्याला आमच्याकडे आणले. दोघे समोरच्या बाकावर शेजारी बसले. पत्र मराठीतच होते. आम्ही ते त्याच्या हाती दिले आणि मोठ्याने वाचावयास सांगितले. तो सावकाश, बोट ठेवून, अडखळत वाचीत गेला. रुजू झाल्याच्या तारखेशी थांबला, ती पुन्हा एकदा वाचली आणि शेजारी पाहिले. मग आणखी दोन ओळी वाचून म्हणाला, "सर, आमच्या पाड्याचे नाव तुम्ही चुकीचे लिहिले आहे."

त्याचे खरे होते. आम्ही चूक तेथल्या तेथे दुरुस्त केली, पत्र पुन्हा छापून घेतले, आणि मग त्याने सही केली.